काळ्या कागदावर आबांचा अंगठा

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे. नोकरीची सगळी वर्षं मी या नखानं कागद ओरबाडला. बसचं तिकीट हातात आलं की मार नख. औषधाच्या दुकानातलं बिल आलं की मार नख. मेहुण्याच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हासुद्धा मी आधी नख मारलं आणि मग तारीख वाचली. सासरे म्हणाले, "जावईबापू, काय सापडलं?" मी म्हटलं, "काही नाय, साधाच कागद आहे." त्यांनी पत्रिका भारीतली छापून घेतली होती. त्या दिवसापासून ते माझ्याशी बेतानंच बोलायचे.

ज्या कागदावर नख ओढलं की काळी रेघ उठते, तो आमचा कागद. बिलाचा, तिकिटाचा, वजनकाट्याच्या पावतीचा. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता आणि तिथं मी कोटिंगचा सुपरवायझर. कोटिंग म्हणजे कागदावर थर चढवणं. आता लोकांना वाटतं, बिल छापणाऱ्या त्या डबड्यात शाई असते. नसते. शाई आधीच कागदात असते, झोपलेली. कोऱ्या कागदावर अगोदर पांढऱ्या मातीचा एक थर देतात, भिंतीला गिलावा करावा तसा. त्याच्यावर खरा थर. त्यात दोन पुडी, म्हणजे भुकट्या. एक रंगाची, जी दिसायला पांढरी, आणि दुसरी आंबट स्वभावाची. दोघी शेजारी राहतात पण एकमेकींना शिवत नाहीत. यंत्राचं तापलेलं टोक टेकलं की थर वितळतो, दोघी मिसळतात आणि तेवढी जागा काळी होते. तुमच्या बिलावरचं प्रत्येक अक्षर म्हणजे कागदाला दिलेला चटका आहे, दुसरं काही नाही. नखाच्या घासण्यानंही तेवढी ऊब तयार होते, म्हणून रेघ उठते.

आता यातली कोंडी बघा. हा थर लावायचा ओला. मग वाळवायचा गरम हवेनं. आणि गरम झाला की काळा. म्हणजे भाकरी भाजायची, पण तवा तापू द्यायचा नाही. कागदाचा पट्टा माणसाच्या उंचीएवढा रुंद, वाऱ्यासारखा पळतोय, आणि हवा एवढीच गरम ठेवायची की पाणी उडेल पण रंगाला जाग येणार नाही. मी त्या झोताला नुसता गाल लावायचो आणि सांगायचो, जरा जास्त झालंय. काटा नंतर बघायचो. काटा माझ्याशी जुळला नाही तर काटा दुरुस्तीला पाठवायचो.

आणि हे सगळं आपल्याकडच्या उन्हात. एकदा आमचा टेम्पो मुकुंदवाडीच्या रेल्वे फाटकावर अडकला. एक मालगाडी गेली, मग तिची बहीण गेली, मग मावशी गेली. वरची ताडपत्री फाटकी. फाटक उघडेपर्यंत वरच्या रोलांवर ताडपत्रीच्या सगळ्या भोकांची नक्कल काळ्या ठशात उमटली होती. एक ठसा तर आमच्या खरेदी अधिकाऱ्याच्या नाकासारखा इतका हुबेहूब होता, की त्यांनी तो रोल नापास न करता घरी नेला.

गिऱ्हाइकं उन्हाहून अवघड. औरंगपुऱ्यात एक सेंटचे दुकानदार होते, लई शौकीन माणूस. बिलालासुद्धा वास यावा म्हणून त्यांनी आमच्या रोलांवर स्पिरिटवालं सेंट शिंपडून ठेवलं. स्पिरिटमध्ये आमच्या दोन्ही पुडी विरघळतात. सकाळी दुकान उघडलं तर सगळे रोल काळेकुट्ट. मला बोलावलं, रोल माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाले, "बनकर भाई, ये कागज दिया की काजल?" मी वास घेतला. वास मात्र उत्तम होता.

तर या कागदाला माणसाच्या सवयी सोसत नाहीत. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

आमचे मालक आबा. बागायतदार घराणं, मोसंबीची बाग विकून कारखाना घातलेला. बोलणं असं, की समोरच्याला वाटावं आपणच काहीतरी चोरलंय. एका वर्षी आबांनी बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनीसाहेबांच्या, देखत तंबाखू सोडल्याची शपथ घेतली आणि स्वतः सोडली म्हणून सगळ्या कारखान्याला सोडायला लावली. दारावर मोठा फलक लागला: तंबाखूमुक्त कारखाना. दारावरचे शेख चाचा येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चाचपायचे आणि तंबाखूची पुडी, चुन्याची डबी जप्त करून एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. रोज संध्याकाळी तो डबा नष्ट करण्यासाठी आबांच्या केबिनमध्ये जायचा.

आणि आबा तो नष्ट करायचे. स्वतः, एकट्यानं, दार लावून, चिमटी-चिमटीनं.

हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. शेख चाचा तर डबा नेताना म्हणायचे, "साब का डब्बा जा रहा है, रास्ता छोडो." पण तोंडानं कोणी बोलायचं नाही. आबा पगार वेळेवर द्यायचे आणि आवाज मोठा होता, या दोन कारणांनी.

अशात वैजापूरहून तक्रार आली. तिथं बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टरांचं वजन करणारे काटे आहेत. ते काटे चालवणारे सोनवणे आमचे मोठे गिऱ्हाईक. त्यांचं म्हणणं, काट्यावर पावती छापली तेव्हा वजन ठळक दिसतं, पण शेतकरी ती घेऊन व्यापाऱ्याकडं पोचेपर्यंत वजनाचा आकडा गायब. नुसता पांढरा डाग. मग शेतकरी सांगतो एक, व्यापारी सांगतो दुसरं आणि दोघं मिळून सोनवण्यांना सांगतात तिसरंच. ते फोनवर एवढे तापले होते, की फोनच्या तोंडाशी आमचा कागद धरला असता तर संभाषण छापून आलं असतं.

आबांनी आपल्या केबिनमधले नमुने काढले. प्रत्येक मालाचा एक कागद पूर्ण काळा छापून त्यांच्या टेबलावर ठेवायची पद्धत होती. त्यांवरही तसेच पांढरे डाग. अंड्याएवढे, गोलसर. मी नख मारलं. डागावर रेघ उठेना.

"कोटिंग सुटलंय," आबा म्हणाले. "मशीनवर कोण होता?"

एकनाथ होता. वैजापूर तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. कारखान्यात लागलेला घरातला पहिला माणूस. मुकुंदवाडीत दोन खोल्या घेताना वाट्याची मेंढरं भावाला देऊन मोकळा झालेला. म्हणजे नोकरी गेली तर मागं कळपही नाही. थर लावण्यात त्याचा हात एवढा सारखा, की मी त्याच्या मालावर नख मारायचो ते निव्वळ सवय म्हणून.

"आबा, मी एक बोट जागा सोडली नाय," एकनाथ म्हणाला. "काकांनी सोता पास केलंय."

आबा माझ्याकडं वळले. "काय बनकर, नख म्हातारं झालं का तुमचं?"

"नख ठीक आहे आबा."

"मग डाग कुठनं आले? येत्या शनिवारी आपला सत्कार आहे. व्यसनमुक्तीवाले पाहुणे येणार, पेपरवाले येणार. तेवढं होऊ द्या. सोमवारी एकनाथचा हिशोब करून टाका."

बाहेर आल्यावर एकनाथनं फडकं उचललं. मशीन पुसत बसला. मशीन चकचकीत होतं तरी पुसत होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सुनीता मॅडम. पुण्याहून आलेल्या, बारीक अंगाच्या, पण कागदाकडं बघायच्या तेव्हा कागद घाबरायचा. त्या म्हणाल्या, "काका, थर सुटलेला नाही. कडा बघा. थर सुटला तर कड तुटक येते. इथं काळं हळूहळू विरलंय. कोणीतरी बाहेरून काहीतरी लावलंय. चला वैजापूरला."

जीपनं गेलो. काट्यापाशी ट्रॅक्टरांची रांग. आम्ही एका म्हाताऱ्याच्या मागं लागलो. त्यानं पावती घेतली, घडी घातली, कमरेची चंची काढली आणि तंबाखू, सुपारी, चुन्याची डबी यांच्या मधोमध पावती सारून दिली.

"आजोबा," मॅडमनी विचारलं, "पावती इथंच ठेवता?"

"मग कुठं ठिवू? खिशाला भोक हाय. चंची कधी इसरत नाय माणूस. बायकू इसरल एक वेळ."

"सगळेच इथं ठेवतात?"

"खिसं धड असल्यावर कांदा कशाला लावला असता, बाई?"

मॅडमनी पावती मागून घेतली. डबीचं झाकण सैल, चुना पावतीला माखलेला आणि आकडे विरत चाललेले. मॅडम हसायला लागल्या. मला म्हणाल्या, "काका, आपला रंग काळा होतो तो आंबट पुडीमुळं. चुना म्हणजे आंबटाचा वैरी. तो आला की दोघींची फारकत. आपण तेल लावून बघितलं, पाणी टाकून बघितलं, उन्हात ठेवलं. चुना लावून कोणी बघितलाच नाही."

"मग आकडा मेला का?"

"मेला नाही, बेशुद्ध आहे. आंबट दिलं तर उठेल."

समोर भेळेची गाडी होती. मी अर्धं लिंबू उचललं आणि पावतीवर पिळलं. खोटं सांगत नाही, पांढऱ्या डागातून वजनाचा आकडा असा वर आला, जशी एखादी म्हैस बुडी मारून डोकं वर काढते. म्हाताऱ्यानं पावती घेतली, बघितली, परत माझ्यापुढं धरली.

"अजून जरा पिळा," तो म्हणाला. "वजन वाढतंय का बघू."

मग काय. बातमी यार्डात पसरली. घटकाभरात माझ्यापुढं कोऱ्या पावत्यांची रांग लागली. कोणी मागच्या बाजाराची आणली, कोणी मेलेल्या चुलत्याची आणली, एकानं तर सातबाराचा उतारा आणला आणि म्हणाला, "ह्याच्यावरचं भावाचं नाव जातंय का बघा." भेळवाला शेवटी आमच्या अंगावर आला. "लिंबं संपली साहेब. आता भेळंत काय तुमचा कागद टाकू?"

सोनवण्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलं आणि थंड झाले. आम्ही परत आलो ते विजयी मुद्रेनं. थेट आबांच्या केबिनमध्ये. मॅडमनी सगळं नीट समजावलं. मी लिंबू टेबलावर ठेवलं.

आबांनी ऐकून घेतलं. मग काळे नमुने पुढं सरकवले.

"वैजापूरचं पटलं," ते म्हणाले. "शेतकरी चुना खातो. पण हे कागद तर कधी वैजापूरला गेलेच नाहीत. मशीनवरनं थेट माझ्या टेबलावर आले. यांच्यावर डाग कसे? आं? माझ्या केबिनमध्ये चुना कुठनं आला?"

टेबलाखाली बिस्किटाचा डबा होता. मॅडमनी डब्याकडं बघितलं. मी डब्याकडं बघितलं. आबांनी आमच्याकडं बघितलं.

"मॅडम, ते लिंबू उचला," आबा म्हणाले. "इथं लिंबाचं काही काम नाही."

म्हणजे गाठ अशी बसली. एकनाथवरचा सगळा आरोप त्या टेबलावरच्या डागांवर उभा. ते डाग कशाचे हे सांगितलं तर एकनाथ सुटतो आणि आबांची शपथ उघडी पडते. नाही सांगितलं तर सोमवारी एकनाथ घरी. आणि आबा असे, की उघडं पाडणाऱ्यालाही एकनाथबरोबरच पाठवतील.

मी रात्रंदिवस खोटं बोलणारा माणूस आहे, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पण त्या आठवड्यात मला खऱ्याचीच अडचण झाली होती. शेवटी शुक्रवारी मी आबांना एक कल्पना विकली.

"आबा, सत्काराला हार-नारळ सगळेच देतात. आपण आपला कागद वापरू. दाराएवढा काळा फलक छापून लावू. काळा रंग म्हणजे व्यसन. एकेकानं येऊन त्याच्यावर अंगठा दाबायचा, की आम्ही व्यसन दाबून टाकलं."

आबांचे डोळे चमकले. त्यांना प्रतीकं फार आवडायची. "पाहुण्यांचा अंगठा मध्ये," ते म्हणाले. "शेजारी माझा."

मग जरा थांबून माझ्याकडं बारीक बघितलं. चुन्याची गोष्ट ते विसरले नव्हते. पण बहुधा मनात म्हणाले असतील, साबण कशाला असतो.

शनिवारी आबांनी खरोखरच हात धुतले. शेख चाचांनी मला सांगितलं, "साब ने आधा साबुन खतम कर दिया." माझं तोंड उतरलं. एकनाथ मागच्या रांगेत बायकोला घेऊन बसला होता. सगळ्यांच्या घरच्यांना बोलावणं होतं, म्हणून आला. सोमवारचं त्यानं तिला सांगितलं नव्हतं. ती सगळीकडं बघून विचारत होती, तुमचं मशीन कोणतं, आणि तो बोटानं दाखवत होता.

पण पाहुणे आले नाहीत. म्हणजे वेळेवर आले नाहीत. आबांना भाषणाची धास्ती. सभा खोळंबली, आबा फेऱ्या मारायला लागले, मग केबिनकडं गेले, मग केबिनचं दार लागलं. शेख चाचांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली.

पाहुणे आले. फलकावर अंगठे दाबले. आधी पाहुण्यांनी, मग आबांनी, मग वहिनीसाहेब, मग आम्ही सगळे. एकनाथचा अंगठा सगळ्यात शेवटी, खालच्या कोपऱ्यात. काळ्यावर काहीच दिसलं नाही. पाहुणे भाषणाला उभे राहिले, फलक त्यांच्या पाठीमागं.

चुना काम करायला जरा वेळ घेतो. पाहुणे म्हणाले, "तंबाखू हा समाजाला लागलेला डाग आहे," आणि त्यांच्या डोक्यामागं पहिला डाग उजळला. मग दुसरा. मग इकडं, तिकडं, संध्याकाळी चांदण्या निघाव्यात तसे अंगठे निघायला लागले. पॅकिंगवाले सगळे निघाले. हिशोबनीस निघाले. लोक खुसखुसायला लागले. पाहुण्यांना वाटलं भाषण रंगतंय, त्यांनी आणखी दोन विनोद घातले. सगळ्यांत ठळक डाग दोन, मधोमध. एक आबांचा. आणि त्याच्या शेजारचा, त्याहूनही पांढरा, खुद्द पाहुण्यांचा.

आबा आभार मानायला उठले आणि त्यांनी फलक बघितला. वहिनीसाहेब फलकाकडं बघत होत्या, मग आबांच्या हाताकडं. पाहुण्यांनी आपला अंगठा धोतराच्या सोग्यात दडवला.

तेवढ्यात सुनीता मॅडम उठल्या. पाहुण्यांसाठी लिंबाचं सरबत करायचं होतं, त्यातलं एक लिंबू त्यांच्या हातात. त्यांनी शांतपणे मधल्या दोन डागांवर रस चोळला. डाग बुजले. काळं परत जसंच्या तसं.

"आबांच्या कल्पनेतला हा प्रयोग," त्या म्हणाल्या. "चुना लागला तरी खालचा थर शाबूत राहतो, हे त्यांना सगळ्यांसमोर दाखवायचं होतं. थर सुटलेला असता तर काळं परत आलं नसतं."

आबांनी एक श्वास घेतला. माणूस मोठा होता, हे मला तेव्हा कळलं. मोठा म्हणजे चपळ.

"बरोबर," ते म्हणाले. "मुद्दाम लावला होता चुना. मी आणि पाहुण्यांनी. परीक्षेसाठी." पाहुण्यांनी जोरजोरात मान हलवली. "आणि हे कोटिंग ज्यानं केलंय, तो एकनाथ. एकनाथ, इकडं ये बाबा. पाहुण्यांचा हार याला घाला."

हार गळ्यात पडला तेव्हा एकनाथच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं याचसाठी बोलावलं होतं.

बाकीच्या डागांवर कोणी लिंबू लावलं नाही. हिशोबनीस बरेच दिवस आमच्याशी बोलत नव्हते.

सोमवारी आबांनी मला आणि मॅडमना बोलावलं. "हा कागद आपल्या माणसांसाठी बनलेला नाही," ते म्हणाले. "आपल्या माणसांचा अंगठा झेलेल असा थर वरनं बसवा." तिथून आमचा शोध सुरू झाला. रंगाच्या थरावर आणखी एक पारदर्शक थर, पापडावर तेलाचा हात फिरवावा इतका पातळ. पहिला प्रयत्न एवढा मजबूत निघाला की चुना आत जाईना आणि छपाई बाहेर येईना. पांढरा कागद पांढराच. आबा म्हणाले, "याच्यावर डाग पडत नाही हे खरं, पण याच्यावर काहीच पडत नाही." मग थर बारीक करत करत एकनाथनं तो बसवला.

आणि प्रत्येक मालाची अंतिम तपासणी आबांच्या केबिनमध्ये होऊ लागली. दार लावून. डबा तसाच जायचा, शेख चाचांची आरोळी तशीच. फरक एवढाच, की आता ते कारखान्याचं काम होतं. वहिनीसाहेबांनी एकदा विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "मला काय हौस आहे? गुणवत्तेसाठी करतोय."

मला एका गोष्टीचं वाईट वाटतं. तो फलक मी जपून ठेवला होता. पण आमचा जुना कागद टिकणारा नव्हताच. काही वर्षांत काळं करडं झालं, करड्याचं पिवळट झालं. आता त्यावर कोणाचा अंगठा पांढरा आणि कोणाचा नाही, काही कळत नाही. सगळे सारखे.

मी निवृत्त झालो त्या दिवशी सुपरवायझरच्या खुर्चीत एकनाथ बसला. त्यानं नव्या कागदाची एक पट्टी छापून माझ्या हातात दिली. तिच्यावर माझं नाव. मी सवयीनं नख मारायला गेलो तर म्हणाला, "नख नको, काका. चुना लावा."

मी इकडं तिकडं बघितलं, डबी काढली, अंगठ्यानं चुना घेतला आणि नावावर घासला. थांबलो. परत घासला. नाव हललं नाही.

"घासा, अजून घासा," एकनाथ म्हणाला. "आबा वरीसभर घासत होते. त्यांच्यानंबी नाय गेलं."